कोणतं हट्टा?

अर्जाच्या पहिल्याच पानावर गाडी अडली. 'जन्मस्थळ' या चौकटीत मी ठळक अक्षरांत 'हट्टा' लिहिलं. नागपूरच्या ज्या एजंटाकडे मुलाने आम्हाला पाठवलं होतं, त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "दुबईचं का?"

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने फोनवर दाखवलं. दुबईच्या अमिरातीत खरंच हट्टा आहे. डोंगरात वसलेलं, धरण असलेलं. सुट्टीला लोक तिथे होड्या वल्हवायला जातात. मी कुर्ता-पायजम्यात, हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. यात त्याला दुबई कुठे दिसली कोण जाणे. "मध्य प्रदेशातलं," मी म्हणालो. "हां, दमोहचं!" तेही नव्हे. दमोह जिल्ह्यातलं हट्टा तहसिलीचं गाव असल्यामुळे आमची टपाल-पार्सलं अधूनमधून तिकडचा पाहुणचार घेऊन मग आमच्याकडे येतात. हिंगोलीत वसमतकडे आणखी एक हट्टा आहे, ते मी आपणहून सांगितलं नाही. "बालाघाटचं," मी म्हणालो. "म्हणजे महाराष्ट्र." म्हटलं, नाही हो, मध्य प्रदेशच. "मग तुम्ही मराठी कसे बोलता?"

आता याला काय सांगावं? माझ्या वडिलांनी घराचा उंबरा न सोडता राजधानी बदलली. 1956 पर्यंत त्यांची राजधानी नागपूर होती, 1 नोव्हेंबरला ती भोपाळ झाली. बाघ नदीवरचा रजेगावचा पूल ओलांडला की गोंदिया जिल्हा. सासुरवाड पलीकडे, शेत अलीकडे. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत पोवारी. आमच्याकडे कुत्र्याला हाकलतानासुद्धा तीन भाषांचा पर्याय असतो. साठ वर्षं या गावात काढली, पण गाव कुठे आहे हे सांगायची वेळ माझ्यावर आली नव्हती. गाव सोडायचं ठरलं आणि पहिला प्रश्न तोच.

गाव सोडायचं, म्हणजे स्पेनला जायचं. व्हॅलेन्सिया नावाचं शहर आहे, भूमध्य समुद्राच्या काठावर. मुलगा तिथे नोकरीला आहे, सूनबाई तिथे, नातू तिथेच शाळेत जातो. "बाबूजी, आता तुम्ही दोघं इकडेच या. रिटायर माणसांसाठी हे शहर एकदम बढिया," असं तो दर रविवारी म्हणतो. युरोपातले थंडीला कंटाळलेले म्हातारे उन्हासाठी म्हणून स्पेनच्या या किनाऱ्यावर येऊन राहतात, हे मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळे ऐकून होतो. उन्हासाठी बालाघाट जिल्हा सोडणारा बहुधा मी पहिलाच.

तशी म्हातारपणी मुलुख सोडायची आपल्यात जुनी रीत आहे. लोक काशीवासाला जात. दुसरा बाजीराव 1818 मध्ये गादी सोडून बिठूरला गेला तो वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन, आणि 1851 पर्यंत निवांत जगला. स्पेनला आज असेच पेन्शनर हवे असतात. तिथे नोकरीधंदा न करता नुसतं राहायचं असेल तर एका माणसामागे वर्षाला 28,800 युरोंचं उत्पन्न दाखवावं लागतं, बायकोचे वर 7,200. बाजीरावाला व्हिसा मिळाला असता. माझी शिक्षकाची पेन्शन सांगितल्यावर एजंट नुसता हसला आणि चहा मागवला.

दुसरी वाट मुलाच्या मागून जायची. मुलाकडे कायम राहण्याचा परवाना असेल, आईबाप 65 च्या पुढचे असतील आणि त्याच्यावर अवलंबून असतील, तर तो त्यांना बोलावू शकतो. यातल्या 65 ने आणि 'अवलंबून'ने गेलं वर्ष खाल्लं.

65 चं आधी सांगतो. कागदावर माझा जन्म 1 जुलै 1961 चा. माझ्या पिढीतले निम्मे लोक 1 जुलैला जन्मले आहेत. त्या दिवशी आमच्या शाळेच्या ग्रुपवर शुभेच्छांची अशी झड लागते की कोण कोणाला देतोय हे कळत नाही. पहिलीत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी तारीख विचारली. आजोबांनी 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' असं सांगितलं. गुरुजींनी 1 जुलै लिहिली. आई मात्र जन्मभर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसावरच ठाम होती. आमच्याकडे त्या दिवशी पहाटे नारबोद काढतात. नागपूरकडे तिलाच मारबत म्हणतात. घरोघरची रोगराई, ईडापिडा तिच्या गळ्यात बांधून तिला गावाबाहेर नेतात. आई म्हणायची, "सारं गाव ईडापिडा बाहेर काढत होतं, अन् हा घरात आला."

1 जुलैचं आणखी एक दुखणं सरकारी नोकरांना माहीत आहे. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. वेतनवाढ लागते 1 जुलैला. म्हणजे वर्षभर राबून मी 30 जून 2023 ला घरी आलो आणि वेतनवाढ दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात येऊन मला शोधून गेली. सर्वोच्च न्यायालयाने 11 एप्रिल 2023 च्या निकालात आमच्यासारख्या एका दिवसाने चुकलेल्यांची बाजू धरली, पण त्यापायी अर्ज लिहिण्यातच निवृत्तीचे पहिले सहा महिने गेले. नारबोदीची तारीख लिहिली असती तर स्पेनच्या अर्जाला दोन महिने उशीर झाला असता, पण वेतनवाढ सुखाने मिळाली असती.

स्पेनला मात्र गुरुजींच्या शब्दावर विश्वास नाही. त्यांना जन्माचा दाखला हवा. मी घरात जन्मलो. सुईणीने नाळ कापली, रजिस्टर कोणाकडे होतं? तेव्हा आधी, या माणसाच्या जन्माची नोंद आमच्याकडे आढळत नाही, असा दाखला काढावा लागला. तो घेऊन मी कार्यालयाच्या पायरीवर बसून दोनदा वाचला. त्यावर गोल शिक्का होता, सही होती. मी नसल्याचं इतकं पक्कं प्रमाण मला आजवर कोणी दिलं नव्हतं. त्यावर मग राज्याची मोहर, दिल्लीची मोहर. या मोहरेला अपोस्टिल म्हणतात आणि 2005 पासून भारतही त्या करारात आहे. मग शपथ घेतलेल्या अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. लग्नाची नोंदही नव्हतीच. 1986 ची लग्नपत्रिका ट्रंकेत, रुखवतातल्या विणकामाच्या घडीत सापडली. हळदीचं बोट उमटलेली, गणपती अर्धा पुसलेला. एजंटाने ती हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "मॅडमचं पूर्ण नाव 'चिसौकां'पासून सुरू होतं का?"

आणि 'अवलंबून'. हे मला फार लागलं. मुलगा नोकरीला लागल्यापासून दर महिन्याला पैसे पाठवायचा, आणि मी ते त्याच्याच नावाने ठेवीत टाकायचो. नवीन कोट शिवला नाही, छपरावर कवेलू होती ती राहू दिली. पोरापुढे हात पसरला नाही, हे मी चारचौघांत जरा जास्तच वेळा बोललो असेन. आता स्पेनचा कायदा म्हणतो, तुम्ही त्याच्या पैशावर जगता हे दाखवा. गेलं वर्षभर मी त्याचे पैसे येतील तसे काढतो आणि किराणा, औषधं, वीजबिल त्यातूनच भरतो. पेन्शन बिचारी बँकेत पडून आहे. हिला यात गंमत वाटते. "पहिल्यांदाच पोराची कमाई खाऊन राहिले तुम्ही," ती म्हणते, "आन् तेबी सरकारनं सांगितलं म्हणून."

तयारीत भाषेचाही भाग आहे. मुलाने फोनवर एक ॲप टाकून दिलं. रोज सकाळी पूजेनंतर पंधरा मिनिटं मी स्पॅनिश शिकतो. नमस्कार लिहितात 'होला' आणि म्हणतात 'ओला'. पावसाळ्यात अंगणातून आलेल्या प्रत्येकाला म्हणायला सोयीचं. आभार मानले की समोरचा म्हणतो, 'दे नाडा'. ते ऐकून ही पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. 'पगार' हा शब्द दिसल्यावर मी सुखावलो, आपलाच शब्द! पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, स्पॅनिशमध्येही तोच आहे. अर्थ बघितला तर 'पैसे देणे'. सदतीस वर्षं जो मी घेत आलो तो तिथे द्यावा लागतो. 'बटाटा'ही तिकडचाच, ते त्याला पताता म्हणतात. पण हा फायदा पुणेकरांचा. आम्ही आपले आलू म्हणणारे, आम्हाला पहिल्यापासून सुरुवात. नात्यांपाशी मात्र जपून राहायचं आहे. 'मामा' म्हणजे आई. आणि 'काका' म्हणजे लहान मुलं अंगणाच्या कोपऱ्यात बसून करतात ते. आमचे धाकटे बंधू गेली चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीचे काका आहेत. त्यांना हे कळवलेलं नाही.

सहा महिने घोकल्यावर नातवापुढे दोन वाक्यं म्हणून दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, आमच्या शाळेत वेलेन्सियानो बोलतात." म्हणजे तिथेही तेच. देशाची एक, प्रांताची एक, घरची एक. हे मला फारसं जड गेलं नाही. तो हट्ट्याचाच पोरगा वाटला.

पण मला त्या शहराकडे ओढलं ते भाताने. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचा मोठा जलाशय आहे आणि त्याच्याभोवती मैलोन् मैल भाताच्या बांध्या. मुलाने जूनमधला फोटो पाठवला तेव्हा मी हिला म्हणालो, हा आपल्या किरनापूरचा आहे. तोच पोपटी रंग, तसेच बांध, तसेच बगळे. फक्त पऱ्हे टाकून रोवणी करायची रीत नाही. मे महिन्यात पाण्यात बी फेकतात आणि सप्टेंबरात यंत्राने कापतात. ओळीत वाकलेल्या बाया नाहीत, त्यांची गाणी नाहीत, त्यामुळे शेत थोडं मुकं वाटतं. तिथला नावाजलेला तांदूळ बोम्बा, बुटका आणि गोल. शिजताना पाणी भरपूर पितो पण फुटत नाही. आमचा चिन्नोर, ज्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो शिजायला लागला की शेजाऱ्याला न सांगता कळतं. त्या लोकांची पाएया करायची पद्धत ऐकून माझी आई उठून बसली असती. पसरट लोखंडी थाळ्यात भात, कोंबडी, ससा, शेंगांचे दाणे, आणि खाली मुद्दाम धरू दिलेली खरवड. त्या खरवडीसाठी म्हणे पाहुणे भांडतात. आमच्या घरी भाताला खरवड धरली की सुनेचं माहेर निघायचं.

आणि पाणी. व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दाराशी एक न्यायालय भरतं. आठ कालव्यांचे आठ शेतकरी, काळे झगे घालून, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. कोणी पाळी मोडून पाणी घेतलं, कोणी चारी तुंबवली, याचा निवाडा तिथेच, तोंडी. वकील नाही, टायपिंग नाही, पुढची तारीख नाही. शेकडो वर्षं चाललेल्या या बैठकीला युनेस्कोने 2009 मध्ये मानवजातीचा वारसा म्हटलं. वैनगंगेच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याची बांधी आहे त्याला ही बातमी वाचून दाखवावी, तो व्हिसाचं विचारायला लागेल. मी तर ठरवलं आहे, गुरुवारी आमचा दत्ताचा उपासही असतोच. बारा वाजता जाऊन तिथे उभं राहायचं. बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते म्हणे, दोन मिनिटांत बैठक उठते. तरी उभं राहायचं.

तिथला मोठा सण मार्चमध्ये. 'फायास'. कागद-लाकडाचे दुमजली-तिमजली पुतळे करतात, त्यांत पुढाऱ्यांची यथेच्छ टिंगल असते, आणि 19 मार्चच्या रात्री सगळे जाळून टाकतात. सणाच्या आधीपासून रोज दुपारी दोनला चौकात फटाक्यांच्या माळा. ऐकल्यावर मला नागपूरचे बडगे आठवले; मारबतीच्या मिरवणुकीत महागाईपासून मंत्र्यांपर्यंत कोणाचा पुतळा निघत नाही? नारबोदीच्या दिवशी जन्मलेल्या माणसाला हे शहर परकं वाटायचं कारण नाही, असं मी हिला पटवायचा प्रयत्न केला.

हिचे प्रश्न माझ्यापेक्षा नेमके असतात. "पाणी तिथलं कसं?" मी सांगितलं की नदी शहराच्या मधोमध होती, 1957 च्या पुरानंतर तिला बाहेरून वळवली, आणि आता जुन्या पात्रात बाग आहे. मैलभर लांब नव्हे, कित्येक मैल. मुलगा तिथे पळायला जातो. "नदी उचलून बाजूला ठेवली म्हणता जी? आन् तिनं ऐकलं?" 29 ऑक्टोबर 2024 ला त्या भागात पाऊस कोसळून दोनशेवर माणसं गेली, आसपासची गावं चिखलात बुडाली, तेव्हा आम्ही रात्रभर फोन धरून बसलो होतो. शहराचा जुना भाग त्या वळवलेल्या पात्रामुळे वाचला. मुलगा सुखरूप होता. त्यानंतर महिनाभर ही स्पेनचं नाव काढू देत नव्हती.

मग एक दिवस तिने आपणहून विचारलं, "सोबत काय काय नेता येते?" मी नियम काढले. बाहेरच्या देशातून सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, खवा नाही, पेढे नाहीत. ताजी फळं-भाज्या कागदपत्रांशिवाय नाहीत. अपवाद चार-पाच फळांचा. त्यात केळं आणि नारळ आहे. "म्हणजे सत्यनारायण होऊन जाईल," ती म्हणाली, "पण प्रसादाला तूप त्यांचं." ती थोडा वेळ गप्प बसली. "तिथं मराठी बोलायले कोण आहे जी?"

मी म्हटलं, त्याच समुद्राच्या दुसऱ्या टोकाला भरपूर मराठी माणसं आहेत. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते 1948 नंतर इस्राएलला गेले. अश्दोद हे भूमध्य समुद्रावरचं बंदर त्यांच्यातल्या अनेकांचं गाव झालं. आडनावं अजून पेणकर, चेऊलकर अशी. त्यांनी तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं आणि शुभकार्याला मलिदा करतात तो गोड पोह्यांचा. पोह्यांवर ती जरा सैलावली. "अश्दोद तुमच्या गावापासून किती दूर?" मी नकाशा उघडला. आडवा समुद्र. पाहुण्यांकडे चहाला जाण्यासारखं नाही. तिने नकाशा मिटला.

गावाने मात्र आम्हाला कधीच पाठवून दिलं आहे. माझा दोनदा सत्कार झाला. पहिल्यांदा शाल-श्रीफळ, दुसऱ्यांदा नुसतं श्रीफळ. शाल तीच आणा म्हणाले असते तरी मी दिली असती. सकाळी रस्त्यात भेटणारे चमकतात: "अरे मास्साब, अजून इथेच?" यात माझा काही गुन्हा असल्यासारखं मी खाली बघतो. चौकातल्या किराणावाल्याकडे तीस वर्षं आमचं खातं आहे, लाल कापडाच्या वहीत. महिन्याच्या एक तारखेला हिशेब. गेल्या दिवाळीनंतर मी साबण आणि गूळ घेतला, 'लिहून ठेव' म्हणालो. त्याने वही उघडली, टोपण काढलं, माझ्या नावाचं पान समोर आलं, आणि तो पेन हातात धरून तसाच थांबला. मग फार नरमाईने म्हणाला, "मास्साब, अब आप तो जाने वाले हो... नगद ही कर लेते हैं।" त्याने पानावर तिरकी रेघ मारली. व्हिसा मिळायच्या आत मी परदेशी झालो तो त्या दुकानात.

आणि बावडी. नातवाच्या शाळेत 'आजोबांचं गाव' असा प्रकल्प होता. फोटो हवे होते. हट्ट्याला दगडी बावडी आहे, गोंड राजवटीतली म्हणून दाखवतात. राजा हटेसिंग वल्के याच्या नावावरून गावाला नाव पडलं असं सांगतात. जमिनीखाली उतरत गेलेले मजले, कोरीव खांब, त्यांच्यामधल्या ओवऱ्या, खाली हिरवट पाणी. मी त्या गावात भूगोल शिकवला. तिच्यावरून रोज सायकलने गेलो. माझ्याकडे तिचा एक फोटो नव्हता. मुलाने त्याच्या शहरातली पंधराव्या शतकातली रेशमाची पेठ दाखवली होती, पिळाचे खांब असलेली, तिचे फोटो माझ्या फोनमध्ये चाळीस. एका दुपारी गेलो, पायातली चप्पल काढली आणि उतरलो. वर मेचं ऊन, खाली अंगावर शिरशिरी येईल असा गारवा. दोन पोरं ओवरीत बसून फोनवर क्रिकेट बघत होती. त्यांनी विचारलं, "बाबा, कहाँ से आए हो?"

नातवाचा पुढचा प्रश्न आला, पायऱ्या किती? पुन्हा गेलो. उतरताना मोजल्या, चढताना मोजल्या, आकडे जुळेनात. तिसऱ्यांदा हिला घेऊन गेलो, दोघांनी मोठ्याने मोजल्या, मधे तिला तिच्या मावशीची काही गोष्ट आठवली आणि हिशेब फसला. प्रकल्पात नातवाने 'पुष्कळ' लिहिलं. त्याच्या बाईंनी त्याखाली विचारलं होतं, हे हट्टा दुबईजवळचं का?

तर अशी तयारी चालू आहे. येत्या 1 जुलैला कागदावर 65 पुरी होतील, मग अर्ज जाईल, मग ते सांगतील. गेलो तरी दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचा दाखला पेन्शनसाठी पाठवावा लागेलच. तो फोनवर चेहरा दाखवून होतो, सराव केला आहे. डोळे मिचकवायचे असतात. शेत बटाईने दिलं आहे, चिन्नोरचं एक पोतं कोणाला न सांगता ठेवून घेतलं आहे. बावडीच्या पायऱ्यांचा आकडा अजून लागायचा आहे.

तोवर कोणाला काही कळवायचं असेल तर जुन्याच पत्त्यावर लिहा. फक्त हट्ट्यापुढे जिल्हा बालाघाट असं ठळक घाला, नाहीतर पत्र आधी दमोहला जाईल.